सैन्य कुणाचे – राष्ट्राचे की जमातीचे?

श्रोतेहो, आपल्या गावगाड्यात पूर्वी जागल्या असे. रात्री कंदील नि काठी घेऊन तो वेशीपासून वेशीपर्यंत फिरे. त्याचे बलुते सारा गाव मिळून देई, म्हणून तो साऱ्या गावाचा. आता अशी कल्पना करा, की एके साली वरच्या आळीने आपला निराळा जागल्या ठेवला आणि त्याचे पाहून खालच्या आळीनेही ठेवला. मग चोर येवो वा न येवो, पहिली मारामारी व्हायची ती या दोन जागल्यांतच! आफ्रिकेच्या दक्षिण भागातील झिंबाब्वे या देशात नेमके हेच झाले. फरक इतकाच, की तिथे काठ्या नव्हत्या, बंदुका आणि तोफा होत्या. आणि मेली ती बहुतांशी शेतात राबणारी, गुरे राखणारी साधी माणसे.

हा विषय निवडण्याचे कारण सांगतो. वर्गात आफ्रिकेचा इतिहास शिकवताना एक प्रश्न हमखास येतो : "सर, तिथे जमाती एकमेकींशी भांडतात, हे रक्तातलेच आहे ना?" उत्तर 'नाही' असे आहे. पण नुसते 'नाही' म्हणून भागत नाही, ते समजावून सांगावे लागते. आजचे हे बोलणे त्यासाठीच.

प्रथम माणसांची ओळख करून घेऊ. झिंबाब्वेत दोन मोठे भाषिक समाज आहेत. पैकी शोना भाषा बोलणारे बहुसंख्य आहेत. एन्डेबेले हे पश्चिमेकडचे. बुलावायो शहर आणि त्याभोवतीचा मताबेलेलँड हा त्यांचा मुलूख. एकोणिसाव्या शतकात म्झिलिकाझी नावाचा सरदार झुलूंच्या प्रदेशातून आपली माणसे घेऊन उत्तरेकडे निघाला आणि अखेरीस इथे येऊन त्याने राज्य उभारले. पण त्या राज्यातील सगळेच काही त्याच्याबरोबर आलेले नव्हते. वाटेत मिळालेले आणि मुळात तिथेच राहणारे असे कितीतरी लोक त्यात सामावले आणि एन्डेबेले म्हणवू लागले. शोनांचेही तसेच. कारंगा, झेझुरू, मन्यिका असे अनेक गट त्या एका नावाखाली येतात. म्हणजे बघा, ज्याला आपण 'जमात' म्हणतो ते काही दगडावर कोरलेले नाव नव्हे.

पुढे इंग्रज आले. १८९३ साली त्यांच्या कंपनीने एन्डेबेलेंचा राजा लोबेंगुला याचा पाडाव केला. १८९६ साली एन्डेबेले आणि शोना या दोहोंनीही गोऱ्यांविरुद्ध उठाव केले. देशाला ऱ्होडेशिया हे नाव पडले आणि चांगली सुपीक जमीन मूठभर गोऱ्यांच्या हाती गेली.

आता आपल्या मुद्द्याकडे येऊ. १९६१ साली जोशुआ न्कोमो यांच्या नेतृत्वाखाली 'झापू' नावाचा पक्ष निघाला. १९६३ साली तो फुटला आणि 'झानू' हा दुसरा पक्ष जन्मला. पुढे रॉबर्ट मुगाबे त्याचे पुढारी झाले. ही फूट जमातीवरून पडली का? मुळीच नाही. झानूची स्थापना ज्यांच्या घरी झाली ते एनोस न्काला स्वतः एन्डेबेले होते. झापूतही शोना पुढारी भरपूर होते. भांडण होते ते नेतृत्वाचे आणि लढ्याच्या मार्गाचे.

मग त्याला जमातीचा रंग चढला कसा? त्याचे उत्तर भूगोलात आहे. शिक्षकबंधूंनी येथे नकाशा काढावा. दोन्ही पक्षांनी आपापल्या सशस्त्र फौजा उभारल्या. झापूची फौज 'झिप्रा'. तिचे तळ उत्तरेकडे झांबियात, आणि शस्त्रे व शिक्षण मुख्यतः सोव्हिएत रशियाचे. झानूची फौज 'झान्ला'. तिचे तळ पूर्वेकडे मोझांबिकमध्ये, आणि तिला आधार चीनचा. झांबियातून आत शिरणाऱ्या झिप्राला भेटले ते मुख्यतः पश्चिमेकडचे, एन्डेबेले भाषा बोलणारे तरुण. मोझांबिकमधून येणाऱ्या झान्लाला भेटले पूर्वेकडचे शोना तरुण. पाण्याने उताराकडे जावे तशी भरती होत गेली. जो तरुण ज्या वाटेवर राहत होता, तो त्या फौजेत गेला. दहाएक वर्षांत दोन पक्षांच्या दोन फौजा दोन भाषांच्या फौजा होऊन बसल्या. ही जमातनिष्ठा बंदुकीच्या आधी आली नव्हती. बरीचशी ती बंदुकीच्या मागून आली.

डिसेंबर १९७९ मध्ये लंडनच्या लँकेस्टर हाउसमध्ये करार झाला. फेब्रुवारी १९८० मध्ये निवडणूक झाली. शंभर जागांपैकी वीस गोऱ्यांसाठी राखीव होत्या. उरलेल्या ऐंशींपैकी मुगाबे यांच्या पक्षाला ५७ आणि न्कोमो यांच्या पक्षाला २० मिळाल्या. १८ एप्रिल १९८० रोजी देश स्वतंत्र झाला, मुगाबे पंतप्रधान झाले आणि न्कोमो यांनाही मंत्रिमंडळात घेण्यात आले.

आता नव्या सरकारपुढे प्रश्न होता तो असा, की देश एक आणि फौजा तीन! गोऱ्यांच्या अमदानीतील जुने सैन्य, झान्ला आणि झिप्रा. काल एकमेकांवर गोळ्या झाडणारे आज एका पंगतीला बसवायचे होते. या कामी ब्रिटिश लष्करी शिक्षकांचे पथक मदतीला होते. बऱ्याच अंशी काम झालेही. झिप्राचे लुकआउट मसुकु नव्या भूसेनेचे उपप्रमुख झाले.

परंतु सैनिक एका छावणीत आले म्हणून मने एक होत नाहीत. बुलावायोतील एन्टुम्बाने वस्तीत दोन्ही फौजांच्या लोकांना शेजारी शेजारी ठेवले होते. नोव्हेंबर १९८० मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी १९८१ मध्ये त्यांच्यात जुंपली. दुसऱ्या वेळी ती थोपवण्यासाठी सरकारला कोण उपयोगी पडावे? जुन्या ऱ्होडेशियन सैन्यातील काळे शिपाई! ते कालपर्यंत गोऱ्यांच्या हुकमाखाली या दोघांविरुद्ध लढत होते. एका हुकमाखाली वर्षानुवर्षे कवायत केल्याने शिपायाची निष्ठा त्याच्या पलटणीशी जडते, हे यावरून दिसते.

आता त्या पाचव्या ब्रिगेडची गोष्ट. ऑक्टोबर १९८० मध्येच मुगाबे यांनी उत्तर कोरियाशी एक करार केला आणि १९८१ साली तेथील लष्करी शिक्षक आले. त्यांनी जी ब्रिगेड तयार केली, तिच्यात मुख्यतः झान्लाचे शोना सैनिक होते. तिच्या टोप्या लाल. तिचा गणवेश, शस्त्रे, बिनतारी यंत्रे आणि सांकेतिक भाषा बाकीच्या सैन्याहून निराळी. आणि मुख्य म्हणजे ती नेहमीच्या सेनापतींच्या साखळीत नव्हती. तिचा धागा थेट वर, पंतप्रधानांशी जोडलेला होता. तिला नाव दिले 'गुकुराहुंडी'. शोना भाषेत हा शब्द पावसाचा आहे. हंगामाआधी येणारा, मागच्या पिकाचे फोलपट वाहून नेणारा तो पाऊस. आपल्या वळवासारखाच म्हणा ना! शेतकऱ्याच्या तोंडचा किती गोड शब्द; पण इथे फोलपट म्हणून माणसे धरली होती.

फेब्रुवारी १९८२ मध्ये झापूच्या मालकीच्या जमिनींवर शस्त्रांचे साठे सापडल्याचे सरकारने जाहीर केले. न्कोमो यांना मंत्रिमंडळातून काढले. मसुकु आणि झिप्राचे दुमिसो दाबेंग्वा यांना अटक झाली. राजद्रोहाच्या खटल्यातून ते सुटले, तरी त्यांना पुन्हा डांबण्यात आले. झिप्राचे पुष्कळ शिपाई भयापोटी सैन्य सोडून रानात गेले. त्यांपैकी काहींनी खून आणि लुटालूट केली, परदेशी प्रवासी पळवून मारले, शेतमळेवाल्यांना ठार केले. दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषी सरकारने या आगीत तेल ओतले. हे सारे खरे आहे, आणि ते लपवण्याचे कारण नाही.

पण उपाय काय केला, ते पाहा. जानेवारी १९८३ मध्ये पाचवी ब्रिगेड उत्तर मताबेलेलँडमध्ये उतरली. तिचा नायक होता पेरेन्स शिरी. बंडखोर रानात होते आणि ब्रिगेड आली ती गावात. लोकांना एकत्र जमवून मारहाण करायची, शोना भाषेत पक्षाची गाणी म्हणायला लावायचे आणि काहींना सर्वांदेखत गोळ्या घालायच्या, असा क्रम चालला. १९८४ साली दक्षिण मताबेलेलँडमध्ये आणखी एक शस्त्र वापरले, ते म्हणजे भूक. दुष्काळाचे ते लागोपाठ तिसरे वर्ष. लोक दुकानच्या आणि मदतीच्या धान्यावर जगत होते. सरकारने संचारबंदी लावली, दुकाने बंद केली, धान्याच्या गाड्या अडवल्या. सुमारे चार लाख माणसे त्या कोंडीत सापडली. भालाग्वे येथील छावणीत हजारो लोकांना कोंडून त्यांचे हाल केले. एकंदर मेले किती? मोजदाद निरनिराळी आहे, पण वीस हजारांपर्यंतचा आकडा सांगितला जातो. कॅथलिक चर्चच्या न्याय व शांतता आयोगाने आणि एका कायदेविषयक संस्थेने गावोगावी साक्षी गोळा करून १९९७ साली अहवाल तयार केला, त्यामुळे जगाला पुष्कळसे कळले.

२२ डिसेंबर १९८७ रोजी मुगाबे आणि न्कोमो यांच्यात ऐक्याचा करार झाला. झापू हा पक्ष झानूत विरघळला. १९८८ साली माफी जाहीर झाल्यावर रानातून किती बंडखोर बाहेर आले, ठाऊक आहे? १२२! हा आकडा आणि वरचा हजारांचा आकडा शेजारी शेजारी ठेवून पाहावा. माफी मात्र दोन्हीकडच्यांना मिळाली. सैनिकांपैकी बहुतेकांना जाब द्यावा लागला नाही. न्कोमो १९९९ साली वारले, त्यानंतर मुगाबे यांनी त्या काळाला वेडाचा क्षण म्हटले. ज्यांची माणसे गेली, त्यांच्या दृष्टीने तो क्षण कित्येक वर्षांचा होता.

आणि ज्यांनी हे सैन्य आपल्या पक्षासाठी वाढवले, त्यांना तरी ते कायमचे पुरले का? नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याच सैन्याने रणगाडे हरारेच्या रस्त्यांवर आणले आणि मुगाबे यांना पायउतार व्हावे लागले. त्यांच्या जागी आले एमर्सन म्नान्गाग्वा, जे १९८०च्या दशकात राज्याच्या सुरक्षाखात्याचे मंत्री होते. सेनापती चिवेंगा उपराष्ट्राध्यक्ष झाले. काढणारे आणि निघणारे बहुतेक सारे शोनाच होते. तेव्हा प्रश्न जमातीचा कमी आणि सैन्य कुणाला बांधील आहे याचा अधिक, हे उघड होते. जे सैन्य एका पक्षाची राखण करायला शिकते, ते पुढे पक्षाचा धनी कोण, हेही ठरवू लागते.

शेजारी दक्षिण आफ्रिकेत १९९४ साली असाच पेच होता. तिथे तर सात फौजा एकत्र करायच्या होत्या : गोऱ्या राजवटीचे जुने सैन्य, मुक्तिलढ्यातील दोन सशस्त्र दले आणि जमातवार पाडलेल्या तथाकथित स्वतंत्र संस्थानांच्या चार फौजा. नेल्सन मंडेला यांनी जुने सेनापती मेयरिंग यांना लगेच काढले नाही. १९९८ साली मुक्तिलढ्यातील सिफिवे न्यांडा त्या जागी आले. मंडेलांच्या अंगरक्षकांत जुने गोरे पोलीस आणि त्यांच्या स्वतःच्या संघटनेतील जवान एकत्र होते. ज्यांनी काल तुरुंगावर पहारा ठेवला, त्यांच्याच जातीच्या माणसांवर आज आपला जीव सोपवायचा, याला छाती लागते. सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. १९९९ साली टेम्पेच्या लष्करी तळावर एका काळ्या अधिकाऱ्याने गोऱ्या सहकाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. पण एका जमातीची, एका माणसाच्या मुठीतली निराळी ब्रिगेड तिथे उभी राहिली नाही, आणि त्यामुळे पुष्कळ अनर्थ टळला.

कुणी म्हणेल, "अहो, आपल्याकडेही मराठा लाइट इन्फंट्री आहे, महार रेजिमेंट आहे, शीख रेजिमेंट आहे. मग आपल्याकडे असे का झाले नाही?" प्रश्न रास्त आहे. पलटणीला नाव कोणते, याने बिघडत नाही. अशा पलटणी अनेक आहेत, एकीचेच प्राबल्य नाही. त्या सर्वांवरची हुकमाची साखळी एकच आहे. आणि ती लोकांनी निवडलेल्या सरकारपाशी, कायद्याच्या चौकटीत जाऊन पोचते. पाचव्या ब्रिगेडमध्ये यातले काहीच नव्हते.

शिक्षकबंधू-भगिनींना एक विनंती. हा धडा शिकवताना 'जमातींचे भांडण' एवढे दोन शब्द फळ्यावर लिहून थांबू नका. त्याखाली तीन प्रश्न लिहा : शिपायाला पगार कोण देतो? हुकूम कोण देतो? आणि त्याने निरपराध माणूस मारला, तर जाब कोण विचारतो? मुले आपोआप नकाशाकडे वळतील.

२०२४ साली म्नान्गाग्वा यांनी बुलावायोत एका कार्यक्रमाची सुरुवात केली. गावोगावच्या पारंपरिक मुखियांनी लोकांची गाऱ्हाणी ऐकून घ्यावी, अशी ती योजना आहे. ज्या सरकारातील माणसे तेव्हाही सत्तेवर होती, त्यांच्यापुढे साक्ष कशी द्यावी, असे पुष्कळांना वाटते, आणि ते साहजिक आहे. तरीही मताबेलेलँडमधील म्हाताऱ्या बायांचे मागणे फार मोठे नाही. आपला मुलगा कुठे पुरला ते दाखवा, त्याच्या मृत्यूची कागदावर नोंद करून द्या आणि रीतीप्रमाणे त्याला माती देऊ द्या, एवढेच त्या मागतात. चाळीस वर्षे झाली, त्यांतील कित्येकजणी हे मागता मागताच गेल्या.