जुन्या ट्रकच्या इंधनटाकीचे स्थलांतर : एक तांत्रिक विवेचन (विशेष संदर्भ – माजिवडा, ठाणे)

प्रस्तावना

मुंबईहून येणारा पूर्व द्रुतगती महामार्ग ठाण्यात माजिवडा येथे संपतो. तेथून एक मार्ग भिवंडीकडून नाशिकला जातो, तर दुसरा घोडबंदर रस्त्याने अहमदाबाद महामार्गाला मिळतो. भिवंडीची गोदामे, न्हावाशेवा बंदर आणि गुजरात यांना जोडणारी मालवाहतूक या परिसरातून होत असते. या वाहतुकीत नव्या ट्रकबरोबर अनेक वर्षे वापरलेले ट्रकही असतात. अशा ट्रकची डिझेलची टाकी गळू लागली किंवा अपुरी वाटू लागली की ती बदलली जाते. पुष्कळदा मूळ टाकीपेक्षा मोठी टाकी आणली जाते आणि ती मूळ जागी मावत नाही म्हणून दुसरीकडे बसविली जाते.

हे काम किरकोळ समजले जाते. वस्तुतः टाकीची जागा ही ट्रकच्या सुरक्षारचनेचा एक भाग असते आणि ती बदलताच वजन, इंधनपुरवठा व आगीचा धोका या तिन्ही बाबी बदलतात. प्रस्तुत लेखात या बदलांचे तांत्रिक व कायदेशीर अंगांनी विवेचन केले आहे.

टाकीची मूळ जागा

टेल्को कंपनीने जर्मनीतील डेमलर-बेंझच्या सहकार्याने १९५४ पासून जमशेदपूर येथे ट्रक तयार करण्यास प्रारंभ केला. हे सहकार्य १९६९ पर्यंत चालले. भारतीय रस्त्यांवर रूढ झालेल्या पारंपरिक ट्रकमध्ये टाकी सामान्यतः चासीच्या लांब पट्टीला बाहेरच्या बाजूने, पुढील व मागील आसांच्या मधल्या भागात, ब्रॅकेट आणि पोलादी पट्ट्यांच्या आधारे टांगलेली असते. या जागेचे फायदे उघड आहेत. डिझेल भरणे सोपे जाते, दुरुस्तीसाठी टाकी सुटी करता येते आणि फीड पंपापर्यंतचे अंतर कमी राहते.

मात्र चासीबाहेरील टाकी बाजूच्या धडकेत उघडी पडते. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या १९७३ ते १९८७ या काळातील पिकअप गाड्यांच्या पेट्रोलच्या टाक्या चासीच्या पट्ट्यांबाहेर होत्या. बाजूच्या धडकेत लागणाऱ्या आगींमुळे त्या वादग्रस्त ठरल्या. १९९४ मध्ये तेथील परिवहन खाते व कंपनी यांच्यात समझोता होऊन सुरक्षा कार्यक्रमांसाठी ५.१ कोटी डॉलर देण्याचे ठरले. १९८८ पासूनच्या नव्या रचनेत टाकी पट्ट्यांच्या आत घेण्यात आली. अमेरिकेतील व्यावसायिक वाहनांच्या नियमांनुसार टाकीचा कोणताही भाग पुढील आसाच्या पुढे असू नये व वाहनाच्या कमाल रुंदीबाहेर येऊ नये. बाजूस बसविलेल्या टाकीची तर सुमारे ९ मीटर उंचीवरून टाकून चाचणी घ्यावी लागते.

टाकी बदलण्याची कारणे

पहिले कारण गंज हे होय. कोकणपट्टीच्या दमट हवेत टाकीला आवळणाऱ्या पट्ट्याखाली पाणी व चिखल साचून पत्रा तेथेच झिजतो. अर्धवट रिकाम्या टाकीत हवेतील बाष्पाचे पाणी होते. ते डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते आणि गंज आतूनही सुरू होतो. दुसरे कारण लांब पल्ल्यासाठी अधिक इंधनाची गरज, तर तिसरे कारण हौदा वाढविताना किंवा बाजूचे संरक्षक कठडे बसविताना पडणारी जागेची अडचण.

बदली टाकी भंगारातून आणली जाते, तेव्हा तिच्या धातूकडे लक्ष देणे आवश्यक ठरते. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा डिझेलसाठी योग्य नाही. जस्त आणि इंधनातील आम्ले यांच्या संयोगातून चिकट पदार्थ तयार होऊन फिल्टर व नोझल चोंदतात.

स्थलांतराचे यांत्रिक परिणाम

पहिला परिणाम वजनाच्या वाटणीवर होतो. २०० लिटर डिझेलचे वजन, घनता ०.८३ धरल्यास, सुमारे १६६ किलो भरते. दोन आसांतील अंतर ४.२ मीटर आणि टाकीचा मध्य मागील आसाच्या २.८ मीटर पुढे असेल, तर त्यापैकी सुमारे १११ किलो भार पुढील आसावर व ५५ किलो मागील आसावर पडतो. हीच टाकी मागील आसाच्या ०.७ मीटर मागे नेल्यास मागील आसावर सुमारे १९४ किलो भार येतो आणि पुढील आसावरील भार उलट २८ किलोंनी हलका होतो. म्हणजे केवळ इंधनामुळे पुढील आसावरचा भार मूळच्या तुलनेत सुमारे १३८ किलोंनी घटतो. आधीच मागे भार असलेल्या ट्रकचे स्टिअरिंग यामुळे घाटात अधिक हलके लागते. शिवाय मागून धडक बसल्यास टाकीच प्रथम सापडते.

दुसरा परिणाम इंधनपुरवठ्यावर होतो. नळी लांबली की सांधे वाढतात. पंप इंधन ओढत असल्यामुळे सैल सांध्यातून डिझेल बाहेर न येता हवा आत शिरते आणि इंजिन चढावर बंद पडते. माजिवड्याहून निघालेल्या ट्रकला घोडबंदर रस्त्यावर गायमुखचा घाट आणि नाशिकच्या वाटेवर कसारा घाट लागतो. टाकीत आडवे पडदे नसतील, तर चढावर इंधन एका टोकाला सरकून ओढनळीचे तोंड उघडे पडते. टाकीला हवा घेण्याचे छिद्र नसेल वा ते चोंदले असेल, तर आत पोकळी निर्माण होऊन पुरवठा थांबतो.

तिसरा मुद्दा उष्णतेचा आहे. सायलेन्सर, बॅटरी व प्रोपेलर शाफ्ट यांच्याजवळ टाकी असता कामा नये. ब्रॅकेट चासीला वेल्ड न करता बोल्टनेच बसवावेत. चासीच्या वरच्या व खालच्या कडांना भोके पाडल्यास पट्टीला तेथून तडा जाण्याचा संभव असतो.

वेल्डिंगचा धोका

‘डिझेल पेटत नाही’ हा समज घातक आहे. ज्या तापमानाला इंधनाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते, त्यास फ्लॅश पॉइंट म्हणतात. भारतीय मानकानुसार डिझेलसाठी त्याची किमान मर्यादा ३५ अंश सेल्सिअस आहे. युरोपात ती ५५ अंश आहे. ठाण्याच्या उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्याला ३५ अंश गाठणे अवघड नाही आणि वेल्डिंगची ज्योत तर कडेला चिकटलेल्या अवशेषाचीही वाफ करते. त्यामुळे रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते, कारण तिच्यात वाफ आणि हवा एकत्र असतात. या स्फोटात प्रथम बळी जातो तो टाकीवर वाकलेला कारागीर. टाकी ट्रकवरून उतरवून, वाफेने धुऊन व निष्क्रिय वायू भरूनच हे काम करता येते. अशी सोय नसलेल्या गॅरेजमध्ये गळकी टाकी सांधण्यापेक्षा ती बदलणे इष्ट.

कायदेशीर चौकट

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार करता येत नाही. ही तरतूद २००० च्या दुरुस्तीने कडक झाली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तिचा काटेकोर अर्थ लावला. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अवैध फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक फेरफारास ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. त्याच मापाची टाकी त्याच जागी बसविणे ही दुरुस्ती होय. वाढीव क्षमता वा नवी जागा यांमुळे मात्र रिकाम्या वाहनाचे नोंदलेले वजनही बदलू शकते. म्हणून प्रादेशिक परिवहन कार्यालयाची लेखी पूर्वपरवानगी घेणे हिताचे ठरते. आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू वाहनांना योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागत असल्याने हा प्रश्न टळत नाही.

निष्कर्ष

१. जुन्या ट्रकमध्ये मूळ मापाची टाकी मूळ जागी बसविणे हा सर्वांत सुरक्षित पर्याय होय.
२. स्थलांतर अपरिहार्य असल्यास टाकी दोन्ही आसांच्या मध्ये, उष्ण व फिरत्या भागांपासून दूर ठेवावी.
३. टाकी काठोकाठ भरू नये. अमेरिकन नियमात ९५ टक्क्यांची मर्यादा आहे, ती तापलेल्या इंधनाच्या प्रसरणाला वाव राहावा म्हणून.
४. काम झाल्यावर भरलेल्या टाकीसह ट्रक चालवून प्रत्येक सांधा पुन्हा तपासावा.

टाकीतून ठिबकणारे डिझेल मालकाच्या दृष्टीने काही रुपयांचे नुकसान असते. पण तेच पावसाने ओल्या झालेल्या नाक्यावर पसरले म्हणजे मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवावर बेतते. ट्रकची टाकी हा म्हणूनच मालक व कारागीर यांच्यापुरता मर्यादित विषय राहत नाही.