चेटकिणीचा पशुरूप सहचर : पुराव्यापासून प्रतीकापर्यंत

इंग्लंडमधील लोकसमजुतीनुसार चेटकिणीजवळ मांजर, बेडूक अशा रूपांत एखादे पिशाच्च वावरे. ती त्याला आपले रक्त पाजी व ते तिची कामे करी. १५६६ साली चेम्सफर्ड येथील खटल्यात ॲग्नेस वॉटरहाउस हिने अशा मांजराची कबुली दिली. तिला फाशी झाली. १६०४ च्या कायद्याने दुष्ट पिशाच्च पोसणे हा देहदंडाचा गुन्हा ठरविला. साहजिकच अंगावरचा तीळही रक्त पाजण्याचे स्थान म्हणून पुराव्यात गणला जाऊ लागला. फिलिप पुलमन यांच्या ‘नॉर्दर्न लाइट्स’ (१९९५) या कादंबरीत मात्र माणसाचा आत्माच पशुरूपाने त्याच्यासोबत वावरतो; चेटकिणींचे पक्षिरूप सहचर तर त्यांच्यापासून दूरवर जाऊ शकतात. पूर्वी आरोपीविरुद्ध साक्ष देणारा पशू येथे अंतरंगाचा साक्षी होतो. या रम्य रूपाची मीमांसा करताना त्यामागील फासाचा दोर दृष्टिआड करता येणार नाही.