बोतेक्किया: सायकलच्या नळीवरचं नाव

जुन्या इटालियन रेसिंग सायकलींच्या शौकिनांना 'बोतेक्किया' हे नाव चांगलं ठाऊक असतं. पोलादी फ्रेम, बारीक नळ्या, खाली वळलेलं हँडल आणि पेडलांकडे उतरणाऱ्या तिरक्या नळीवर ठळक अक्षरांत हे नाव. अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने 1989 साली टूर द फ्रान्स जिंकली ती याच नावाच्या सायकलवर. व्हर्साय ते पॅरिस या शेवटच्या 24.5 किलोमीटरांत त्याने प्रतिस्पर्धी लोराँ फिन्योंची 50 सेकंदांची आघाडी मोडून काढली आणि स्पर्धा 8 सेकंदांनी जिंकली. तेव्हापासून सायकलस्वारांमध्ये चर्चा होते ती त्याच्या हँडलला जोडलेल्या पुढच्या दांड्यांची. नळीवर ज्याचं नाव होतं त्याची चौकशी फारसं कोणी करत नाही.

ओत्तावियो बोतेक्किया हा गवंडी होता. उत्तर इटलीतल्या व्हेनेतो प्रांतात, सान मार्तीनो दि कोल्ले उंबेर्तो या खेड्यात 1 ऑगस्ट 1894 रोजी तो जन्मला. घर गरिबीचं, भावंडं पुष्कळ, शाळा जेमतेम. पहिल्या महायुद्धात तो बेर्साल्येरी पलटणीच्या सायकल तुकडीत होता. या जवानांकडे घडीच्या सायकली असत. रस्ता असेपर्यंत त्यांच्यावर बसायचं, रस्ता संपला की घडी करून पाठीवर घ्यायची आणि डोंगर चढायचा. युद्धात त्याला शौर्याचं कांस्यपदक मिळालं. पुढे टूरच्या घाटांत त्याने जे केलं त्याची तालीम याच डोंगरांत झाली, असं मला ठामपणे वाटतं.

1923 च्या जिरो द'इतालिया या इटलीतल्या सायकल शर्यतीत कोणत्याही संघाचा आधार नसताना तो पाचवा आला. लगेच फ्रान्सच्या ऑतोमोतो कंपनीने त्याला आपल्या संघात घेतलं आणि त्याच वर्षी टूरमध्ये तो दुसरा आला.

1924 ची टूर मात्र सावकाश सांगायला हवी. एकूण अंतर 5,425 किलोमीटर, टप्पे फक्त 15. त्यातला ले साब्ल-दोलोन ते बायोन हा टप्पा 482 किलोमीटरांचा, म्हणजे मुंबईहून निघून जवळजवळ बेळगाव गाठायचं, तेही एका दमात. सायकलला आजच्यासारखे गिअर नव्हते. टूरमध्ये गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला परवानगी मिळाली ती थेट 1937 साली. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या आकाराची दातेरी चक्रं असत. घाटाच्या पायथ्याशी उतरायचं, नट सैल करायचे, चाक काढून उलटं बसवायचं, चेन चढवायची आणि पुन्हा स्वार व्हायचं. माथ्यावर तेच उलट्या क्रमाने. थंडीने बोटं आखडलेली असली तरी ते स्वतःच करायचं. रिमा लाकडी, कारण उतारावर ब्रेक लावून धातूची रिम तापली की टायर चिकटवलेला सरस पातळ होई. जादा टायर खांद्यांवरून तिरके गुंडाळलेले. नियम इतके जाचक, की निघताना अंगावर जितक्या जर्सी तितक्याच शेवटी हव्यात. त्यावरून अधिकाऱ्यांशी वाजलं आणि आदल्या वर्षीचा विजेता, बोतेक्कियाचाच सहकारी आंरी पेलिसिए स्पर्धा सोडून गेला.

बोतेक्कियाने पहिला टप्पा जिंकून आघाडीवरच्या स्वाराची पिवळी जर्सी घेतली आणि पॅरिसला परत येईपर्यंत ती कुणाला दिली नाही. पिरेनीज पर्वतातल्या बायोन ते ल्युशों या टप्प्यात ओबिस्क, तूर्माले, आस्पँ, पेरसूर्द असे एकामागून एक घाट होते. तो टप्पा त्याने जवळपास 19 मिनिटांच्या फरकाने जिंकला. पुढच्या वर्षी, 1925 मध्ये, त्याने पुन्हा टूर जिंकली.

एक गोष्ट इथे नोंदवली पाहिजे. हे दोन्ही विजय ऑतोमोतोच्या सायकलींवरचे. 'बोतेक्किया' सायकल त्यानंतर आली. व्हित्तोरियो व्हेनेतो गावच्या तेओदोरो कार्निएल्ली या सायकलवाल्या मित्राने 1926 च्या सुमारास आपल्या सायकलींना त्याचं नाव दिलं. त्याच वर्षीच्या टूरमध्ये पिरेनीजच्या वादळी पावसात बोतेक्कियाने स्पर्धा सोडली. 1927 च्या मे महिन्यात त्याचा भाऊ सायकलवर असताना मोटारीच्या धडकेने गेला. 3 जूनला सरावाला निघालेला ओत्तावियो पेओनिस गावाजवळ रस्त्याकडेला बेशुद्ध सापडला. कवटी फुटलेली, सायकल मात्र धड. 15 जूनला जेमोनाच्या इस्पितळात त्याने प्राण सोडला.

मग अफवांना ऊत आला. कुणी म्हणे फॅसिस्टांनी मारलं, तर कुणी म्हणे उन्हाची भोवळ आली. द्राक्षं चोरताना शेतकऱ्याने दगड मारला, अशीही एक कथा आहे. जूनमध्ये द्राक्षं कच्ची असतात, ती कोण चोरून खाईल? खरं कारण कधीच सिद्ध झालं नाही. या गूढाने बोतेक्कियावर मोठा अन्याय केला आहे. त्याच्याबद्दल लिहिणारे मरणावर पानंच्या पानं खर्चतात आणि त्या घाटांना दोन ओळींत उरकतात. त्याची खरी ओळख त्या घाटांतच आहे. त्याच्याआधी एकाही इटालियनाने टूर जिंकली नव्हती, आणि त्याच्यानंतर इटलीला पुढचा विजेता, जीनो बार्ताली, मिळाला तो 1938 साली.