हुप्प्याचा घसा

अंगाने मोठ्या प्राण्याचा आवाज खोल, लहान प्राण्याचा चिरका. लोरिसपासून गोरिलापर्यंत सगळ्या प्रायमेट गणाला हा नियम ढोबळमानाने लागू पडतो. मात्र हर्सूल मागे टाकून अजिंठ्याच्या रस्त्याला लागल्यावर जे डोंगर सुरू होतात, तिथे, तसेच वेरूळला आणि गौताळ्याच्या जंगलात सकाळी घुमणारी हुप्प्याची हाळी नुसत्या वजनाच्या हिशेबात बसत नाही. काळ्या तोंडाच्या वानराचा हा मोठा नर साधारण सतरा-अठरा किलोंचा, म्हणजे शाळकरी पोराएवढा. पण त्याचा ‘हुप्प’ दरीपलीकडे पोचतो.

आवाज दोन टप्प्यांत तयार होतो. फुप्फुसातून आलेल्या हवेने स्वरयंत्रातले स्वरतंतू थरथरतात आणि त्या थरथरण्याच्या वेगावर आवाजाची पट्टी ठरते. तंबोऱ्याची जाड तार खर्ज देते, तसे लांब आणि जाड स्वरतंतू संथ कंप पावून खालचा सूर काढतात. पुढे घसा, तोंड आणि नाक यांची पोकळी त्या सुरातल्या काही कंपनांना उचलून धरते, काहींना दाबते. प्रौढ पुरुषात ही नळी सुमारे १७ सेंटिमीटर लांब असते आणि तिची अनुनाद-स्थाने, म्हणजे ती उचलून धरते त्या वारंवारता, साधारण १००० हर्ट्झच्या अंतराने येतात. नळी आखूड असेल तर हे अंतर वाढते आणि आवाज पातळ वाटतो.

ही नळी कवटीच्या आणि जबड्याच्या हाडांत बांधलेली असते. त्यामुळे तिची लांबी देहाच्या मापाबाहेर सहसा जात नाही. टेकमसे फिच यांनी १९९७ मध्ये लाल तोंडाच्या माकडांच्या, म्हणजे ऱ्हीसस मकाकच्या, क्ष-किरण प्रतिमा आणि आवाज ताडून पाहिले. देह, नळी आणि अनुनाद यांचा मेळ बसला. माकडाला खोटे मोठेपण मिरवायचे असेल तर ही नळी फारशी साथ देत नाही.

स्वरयंत्राचे तसे नाही. ते कूर्चेचे आणि मांसाचे, हाडाच्या चौकटीत न अडकलेले. डॅनियल बोलिंग आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रायमेट आणि मांसाहारी प्राण्यांच्या स्वरयंत्रांचे स्कॅन तपासले, तेव्हा देहाच्या मानाने प्रायमेटचे स्वरयंत्र मोठे निघाले आणि उत्क्रांतीत ते अधिक वेगाने बदललेलेही दिसले. बोनोबो आणि चिंपांझी यांच्या आकारात फार फरक नाही, पण बोनोबोचा आवाज खूपच वरच्या पट्टीत असतो. २०१८ च्या एका अभ्यासानुसार त्याचे स्वरतंतू चिंपांझीच्या जवळपास निम्म्या लांबीचे असतात. माणसातही पुरुष आणि स्त्री यांच्या उंचीत थोडाच फरक असतो, स्वरतंतूंच्या लांबीत मात्र तो कितीतरी जास्त. वयात येताना मुलाचा आवाज फुटतो तो यामुळेच; उंचीच्या हिशेबाने तो एवढा फुटायला नको.

प्रायमेटमधल्या लहान मापाच्या टोकाला फिलिपाइन्सचा मूठभर टार्सियर आहे. त्याच्या हाकेची मुख्य वारंवारता ७० किलोहर्ट्झच्या आसपास असल्याचे २०१२ मध्ये नोंदले गेले. माणसाचा कान २० किलोहर्ट्झपाशी थांबतो. गोव्याच्या घाटातला पाव किलोच्या आसपासचा लोरिस रात्री बारीक शीळ घालतो, ती आपल्याला ऐकू येते एवढेच.

हुप्प्याकडे परत येऊ. वानरांच्या अनेक टोळ्यांत एकच प्रौढ नर असतो आणि बाहेरचे नर ती जागा बळकावायला टपलेले असतात. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’मुळे हा संघर्ष मराठी वाचकाला परका नाही. अशा ठिकाणी आपण इथे आहोत आणि धडधाकट आहोत, हे दुरूनच कळवता आले तर रोजची मारामारी टळते. मादी नराच्या दोन तृतीयांश वजनाची. ती हुप्प करत नाही. म्हणजे दोघांच्या आवाजातले हे अंतर केवळ किलोंचे नाही, त्यामागे नरांमधली चुरस आहे. या वानराच्या स्वरयंत्राला जोडलेली एक हवेची पिशवीही असते. आफ्रिकी आणि आशियाई पर्णभक्षी माकडांचा आवाज आणि स्वरयंत्र यांवरचा ऑस्मन हिल आणि बूथ यांचा लेख १९५७ मध्ये मुंबईच्याच बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात आला होता. पिशवीच्या नेमक्या कामाबद्दल अजून वाद आहेत. तिच्यामुळे खालचा अनुनाद मिळतो आणि ओरडणारा आहे त्याहून मोठा भासतो, हे स्पष्टीकरण सर्वांत पटण्याजोगे आहे.

अमेरिका खंडातल्या हाउलर माकडाने हा मार्ग टोकाला नेला आहे. त्याचे जिभेखालचे हाड फुगून पोकळ पेल्यासारखे झाले आहे. जेकब डन यांच्या गटाला २०१५ मध्ये आढळले की ज्या जातींत हे हाड मोठे, त्यांत वृषणे लहान. आणि मोठ्या हाडाच्या जाती एकनर टोळ्यांच्या. आवाजावर केलेला खर्च दुसरीकडून वळता होतो, असा हा व्यवहार दिसतो.

माणसाने उलट दिशेला जाऊन काही गोष्टी गमावल्या. इतर प्रायमेटच्या स्वरतंतूंच्या कडेला पातळ पडदे असतात. त्यांनी आवाज मोठा आणि कर्कश होतो, पण अस्थिरही. २०२२ मध्ये ताकेशी निशिमुरा आणि सहकाऱ्यांनी ४३ जाती तपासल्या, तेव्हा हे पडदे फक्त माणसात नव्हते. हवेची पिशवीही आपल्याकडे उरलेली नाही. स्थिर, सुरेल स्वर त्याच्या बदल्यात मिळाला.

देहाचे माप सांगणे हे प्रत्येक हाकेचे काम नसते. बिबट्या दिसला की वानर जो कोरडा, तुटक खाकरा काढते, त्यात मोठेपणाची जाहिरात नाही. तो खरखरीत, अचानक सुरू होणारा आवाज असतो. असा आवाज कुठल्या बाजूने आला हे कानाला चटकन कळते. तो नर काढतो, मादीही काढते, आणि खाली चरणारी चितळेही तो ऐकून कान टवकारतात.