होडी वल्हवणारा बचत गट

मैत्रिणींनो, अभ्यास दौऱ्याला पैसे आपल्या गटाचेच जातात, म्हणून नुसती सहल नको. पुण्याहून जायचं तर वेंगुर्ल्याला जाऊ या.

तिथं मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचत गटाच्या बायका २०१७ पासून पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. वल्ही त्यांच्याच हातात! इंजिनाचा आवाज नाही, त्यामुळे पक्षी बिथरत नाहीत.

कांदळवन म्हणजे खाऱ्या पाण्यातलं जंगल. काही झाडांची मुळं श्वास घ्यायला चिखलातून वर येतात. त्याच मुळांच्या आसऱ्यानं मासे, कोळंबी, खेकड्यांची पिल्लं वाढतात. झाडं तोडली की मासळीही घटते. म्हणजे जंगल जपलं तर मासेमारी टिकते, वर फेरीचे पैसेही मिळतात.

जाताना एवढं लक्षात ठेवा:

- भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढं सरकते. आधी फोन करून फेरीची वेळ विचारा.
- पावसाळ्यात जाऊ नका.
- पोहता येवो न येवो, लाइफ जॅकेट घालायचंच. होडीत उभं राहायचं नाही.

सकाळी खाडी, संध्याकाळी सागरेश्वरचा किनारा, असा दिवस छान जातो.

परतल्यावर बैठकीत एकच विषय घ्या: आपल्या गावात असं काय आहे, जे जपलं तर गटाला कमाई होईल?