जबाबाचीही नोंद हवी

1 ऑक्टोबर 2013 रोजी अमेरिकेच्या सरकारने आरोग्यविम्यासाठी ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ हे संकेतस्थळ खुले केले, लक्षावधी लोक त्यावर लोटले, आणि पहिल्या दिवसाअखेर ज्यांची विमानोंदणी तडीस गेली अशांची संख्या अवघी 6 भरली. अशी नामुष्की ओढवू नये म्हणून संकेतस्थळ जनतेच्या हवाली करण्यापूर्वी त्यावर कृत्रिम गर्दी सोडून पाहतात. या परीक्षेस लोड टेस्ट म्हणतात, आणि दहावीच्या निकालाच्या दिवशी मोबाइलच्या कोऱ्या पडद्याकडे पाहत बसलेल्या विद्यार्थ्यास तिचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

या कामी हजारो माणसे बसविणे अशक्य असल्यामुळे एकाच माणसाचा वावर टिपून घेऊन तोच यंत्राकरवी सहस्रपट करून घेतात. ‘अपाची जेमीटर’ या विनामूल्य साधनात त्यासाठी ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या दरम्यान प्रॉक्सी नामक मध्यस्थ बसवितात. संरक्षित पत्रव्यवहार उलगडता यावा म्हणून हा मध्यस्थ स्वतःचे तात्पुरते प्रमाणपत्र तयार करतो, ज्याची मुदत एरवी 7 दिवसांची असते. ब्राउझरने ते एकदा ग्राह्य धरले की उभयपक्षांची सारी देवघेव त्याच्या नजरेखालून जाते. परंतु पुढे चालविण्याच्या स्क्रिप्टमध्ये तो रुजू करतो ती केवळ ब्राउझरने केलेली मागणी. कचेरीतील कारकुनाने जबानी घेताना सवाल तेवढे दप्तरी दाखल करावेत आणि जबाब वाऱ्यावर सोडावेत, असाच हा प्रकार आहे.

याचा परिणाम दुसऱ्या दिवशी दिसतो. लॉगिनच्या पानात सर्व्हरने अदृश्य रकान्यातून एक टोकन, म्हणजे त्या भेटीपुरती खुणेची अक्षरे, धाडलेली असतात आणि ती पासवर्डाबरोबर परत मागितलेली असतात. स्क्रिप्टमध्ये कालची शिळी अक्षरे जशीच्या तशी उतरलेली असल्याने सर्व्हर ती नाकारतो. पण पुष्कळदा नकार स्पष्ट न देता तो लॉगिनचेच पान पुन्हा पुढे करतो, आणि त्यावर 200 हा यशाचा क्रमांक असतो! अहवालात सर्वत्र हिरवा रंग, आणि प्रत्यक्षात एकही कृत्रिम ग्राहक उंबरठ्याच्या आत गेलेला नाही. माझ्या मते उघड अपयशापेक्षा हे खोटे यश अधिक घातक होय.

मूळ उत्तर जपलेले असेल, तर तेच टोकन कोणत्या पानातून आले हे शोधता येते, ते दर खेपेस नव्याने वेचून घेण्याची तजवीज करता येते, आणि ‘स्वागत’ यासारखा जो मजकूर खऱ्या यशानंतरच दिसतो तो आलाच पाहिजे अशी अटही घालता येते. उपाय सोपा आहे: या मध्यस्थाच्या, म्हणजे जेमीटरमधील रेकॉर्डरच्या, पोटात ‘व्ह्यू रिझल्ट्स ट्री’ हा घटक जोडावा आणि उत्तरांचा मजकूर फाइलमध्ये साठविण्याची खूण करावी. प्रत्यक्ष गर्दी सोडताना मात्र तो बंद ठेवावा, कारण हजारो उत्तरे साठविण्यातच चाचणी घेणाऱ्या संगणकाची स्मृती खर्ची पडते आणि मोजमापे बिघडतात.

एक विनंती आग्रहपूर्वक करावीशी वाटते. या फाइलीत नाव, पत्ता, खात्यातील शिल्लक असे सर्व काही उघड्या अक्षरांत उतरते; तेव्हा रेकॉर्डिंग चाचणीसाठी काढलेल्या खात्यावरूनच करावे, आणि काम संपताच ती फाइल नष्ट करून ते प्रमाणपत्रही ब्राउझरमधून काढून टाकावे.