जोडीदार बदलली, कामं बदलली

२३ ऑक्टोबर २०२५. नवी मुंबईत न्यूझीलंडविरुद्ध विश्वचषकाचा सामना. सांगलीच्या स्मृती मानधनानं ९५ चेंडूंत १०९ धावा केल्या, प्रतिका रावलनं १३४ चेंडूंत १२२. सलामीची भागी २१२ धावांची. स्मृतीनं हाणायचं, प्रतिकानं एक बाजू लावून धरायची, अशी या जोडीची वाटणी ठरून गेलेली होती.

तीनच दिवसांनी बांगलादेशविरुद्ध क्षेत्ररक्षण करताना प्रतिकाचा पाय मुरगळला आणि स्पर्धेत ३०८ धावा केलेली सलामीची फलंदाज बाद फेरीच्या तोंडावर बाहेर गेली. बदली म्हणून आली शेफाली वर्मा. ती मूळ संघात नव्हती, राखीव खेळाडूंतही नव्हती. वर्षभर एकही आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना खेळलेली नव्हती. शिवाय स्वभावानं प्रतिकाच्या अगदी उलट, पहिल्या चेंडूपासून दांडपट्टा.

सातारा-सांगलीकडच्या कबड्डी रसिकांना हा पेच नवा नाही. हुकमी चढाईपटू बाद होऊन बाहेर बसला की दुसऱ्या फळीतल्या पोराला चढाईला जावंच लागतं. शहाणा प्रशिक्षक त्याला मुख्य चढाईपटूसारखं आत घुसायला सांगत नाही. रेषेजवळ खेळ, बोनस मिळाला तर घे, वेळ काढ. गुण पकडीतून काढू.

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये हाच प्रश्न फार मोठा होतो, कारण तिथल्या आक्रमणाची जवळजवळ प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होते. चेंडू लांब फेकायचा, धावणाऱ्याच्या हाती द्यायचा की स्वतःच पळायचं, हे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावं लागतं. २०१४ साली ओहायो स्टेट विद्यापीठाचा क्वार्टरबॅक ब्रॅक्स्टन मिलर हंगामाआधीच खांद्याच्या दुखापतीनं गेला. त्याच्या जागी आलेल्या जे. टी. बॅरेटचा घोटा नोव्हेंबरअखेरीस मोडला. उरला तिसऱ्या क्रमांकाचा कार्डेल जोन्स. त्यानं तोवर एकाही सामन्याची सुरुवात केलेली नव्हती आणि विस्कॉन्सिनविरुद्धचा गटविजेतेपदाचा सामना आठवड्यावर आलेला. जोन्सचा हात मात्र जबर होता. प्रशिक्षक अर्बन मेयर यांच्या संघानं चेंडू पुन्हापुन्हा इझेकिएल एलियटच्या हाती देऊन त्याला पळवलं. त्याला रोखायला बचाव पुढे सरकला की जोन्स लांबवर फेकायचा. विस्कॉन्सिनचा ५९-० असा फडशा पडला. पुढे अलाबामा आणि ओरेगॉनही हरले. या तीन सामन्यांत एलियट एकटा ६९६ यार्ड धावला.

भारताचा बदल इतका झटपट जमला नाही. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात शेफाली १० धावांवर गेली, स्मृती २४ वर. ३३९ धावांचं लक्ष्य आणि २ बाद ५९. तो सामना वाचवला तिसऱ्या क्रमांकावरच्या जेमिमा रॉड्रिग्जनं, नाबाद १२७ करून. आपल्याला तिसऱ्या क्रमांकावर जायचंय हे तिला मैदानात उतरण्याच्या जेमतेम पाच मिनिटं आधी कळलं होतं!

खरी गंमत दिसली २ नोव्हेंबरच्या अंतिम सामन्यात. शेफालीच्या ७८ चेंडूंत ८७ धावा, स्मृतीच्या ५८ चेंडूंत ४५. सलामीला १०४. न्यूझीलंडविरुद्धच्या आकड्यांशेजारी हे ठेवून पाहावं: फटकेबाजीचा वाटा शेफालीकडे गेला आणि प्रतिकाचं सबुरीचं काम स्मृतीनं अंगावर घेतलं. पुढे शेफालीनं दोन बळीही घेतले, दक्षिण आफ्रिका ५२ धावांनी हरली. कौतुक सगळं ८७ धावांचं झालं. त्या ४५ धावांची दखल घेणारे थोडेच.

ओहायो स्टेटपुढे मात्र त्या विजयानंतरच्या वर्षी उलटीच अडचण उभी राहिली. तिघेही क्वार्टरबॅक पुन्हा हाताशी! मिलरनं क्वार्टरबॅकची जागा सोडली आणि तो चेंडू झेलणाऱ्यांत गेला. २०१५चा हंगाम जोन्सनं सुरू केला खरा, पण मध्यावर त्याची जागा पुन्हा बॅरेटकडे गेली.